‘शत्रू’लाही नाव होते

दर वर्षी ऑगस्ट उजाडला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. इंडिया गेटवर म्हणे ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतली ६१,३९५ मुसलमानांची आहेत. शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ हे असतेच. निवृत्त शिक्षक, वकील, इंजिनिअर, मशिदीचे विश्वस्त असे सगळे तो पुढे पाठवतात.

हे आकडे खरे नाहीत. इंडिया गेट हे स्वातंत्र्यसैनिकांचे स्मारकच नाही. पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण युद्धात कामी आलेल्या, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या सैनिकांसाठी ते बांधले गेले. १९२१ मध्ये पायाभरणी झाली, १९३१ मध्ये उद्घाटन. तिथली कोरलेली नावे १३ हजारांच्या आसपास आहेत आणि ती धर्माप्रमाणे वेगळी केलेली नाहीत.

संदेश खोटा असला तरी तो ज्या गरजेतून पसरतो ती गरज खोटी नाही. ज्याच्याकडे उठता-बसता देशप्रेमाचा पुरावा मागितला जातो, तो मिळेल त्या आकड्याला चिकटतो. म्हणून या संदेशाला नुसते हसून भागत नाही. त्याच दिल्लीत, इंडिया गेटपासून थोड्या अंतरावर, आणखी एक युद्धस्मारक आहे. तिथे आपला खरा संबंध आहे. पण त्याबद्दल कुणी संदेश पाठवत नाही, कारण तिथे आपल्या माणसांची नावेच नाहीत.

हे स्मारक म्हणजे उत्तर दिल्लीच्या टेकडीवरचा, रिजवरचा, अजितगढ. तांबड्या दगडाचा, गॉथिक धाटणीचा हा मनोरा १८६३ मध्ये उभा राहिला. तेव्हा त्याचे नाव होते म्युटिनी मेमोरियल. १८५७ च्या ३० मे ते २० सप्टेंबर या काळात लढाईत, जखमांनी किंवा आजाराने मेलेल्या ‘दिल्ली फील्ड फोर्स’च्या ब्रिटिश आणि हिंदी सैनिकांच्या स्मृतीसाठी तो बांधला, असे त्यावर लिहिले आहे. म्हणजे दिल्ली जिंकून घेणाऱ्यांचे हे स्मारक. दिल्ली राखणारे त्यावर एकाच शब्दात आले आहेत: ‘शत्रू’.

मराठी वाचकाला या जागेची एक ओळख आधीपासून असायला हवी. मनोऱ्याजवळ हिंदूराव रुग्णालय आहे. हे नाव कागलच्या घाटगे घराण्यातल्या हिंदूरावांचे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे ते बंधू. टेकडीवरचा त्यांचा वाडा १८५७ च्या वेढ्यात इंग्रज फौजेचा मोक्याचा मोर्चा झाला आणि तो काबीज करण्यासाठी शहरातली फौज पुन्हा पुन्हा टेकडी चढून आली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर या मनोऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न होताच. तो पाडता आला असता, ‘शत्रू’ हा शब्द छिन्नीने उडवता आला असता. सरकारने यातले काही केले नाही. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, २८ ऑगस्ट १९७२ रोजी, तिथे एक नवी पाटी बसवली गेली. या स्मारकावर ज्यांना शत्रू म्हटले आहे ते वसाहती सत्तेविरुद्ध उठलेले आणि देशाच्या मुक्तीसाठी शौर्याने लढलेले लोक होते, त्या अमर हुतात्म्यांच्या स्मृतीसाठी ही पाटी आहे, असा तिचा आशय आहे. मनोऱ्याचे नाव बदलून ‘अजितगढ’ झाले.

मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. जुना मजकूर जसाच्या तसा ठेवायचा, शेजारी दुरुस्ती लिहायची आणि दुरुस्ती कधी केली ती तारीखही द्यायची. वाचणाऱ्याला दोन्ही दिसते. इतिहासाचे भांडण हातोड्याने सोडवण्याची भाषा आज सगळीकडे ऐकू येते. अशा वेळी १९७२ चा हा नमुना आपण वारंवार दाखवला पाहिजे.

पण ती दुरुस्ती तिथेच थांबली. ‘शत्रू’चे ‘हुतात्मे’ झाले, तरी ते कोण होते हे पाटी सांगत नाही.

कोण होते ते? ११ मे १८५७ च्या सकाळी मेरठचे शिपाई यमुना ओलांडून दिल्लीत आले आणि ८२ वर्षांच्या सुमाराच्या बहादूरशाह जफरला त्यांनी आपला बादशाह म्हणून पुढे केले. ८ जूनला बदली-की-सरायची लढाई जिंकून इंग्रज फौज टेकडीवर येऊन बसली. तिथून १४ सप्टेंबरच्या निर्णायक हल्ल्यापर्यंत, तीन महिन्यांहून अधिक काळ, शहर लढत राहिले. शहर राखणाऱ्यांत कंपनीच्या बंगाल फौजेतले पूरबिये शिपाई होते आणि त्यांत ब्राह्मण-राजपूत मोठ्या संख्येने होते. घोडदळात मुसलमान बरेच होते. बरेलीहून आलेल्या फौजेचा प्रमुख बख्त खान हा कंपनीच्या तोफखान्यातला जुना सुभेदार. नीमचहून आलेल्या ब्रिगेडचे नेतृत्व सिधारा सिंग आणि गौस खान यांच्याकडे होते. धर्मासाठी लढायला आलेले गाझी होते, आणि शहरातले कारागीर व मजूरही होते.

कारभार चालवण्यासाठी एक मंडळही नेमले गेले. त्यात दहा सभासद ठरले होते: पायदळ, घोडदळ आणि तोफखाना यांचे प्रत्येकी दोन आणि चार मुलकी. निर्णय बहुमताने घ्यायचे, असा त्याचा नियम होता. हे मंडळ फार काळ धड चालले नाही. तरीही बादशाहीच्या राजधानीत, वेढा पडलेला असताना, माणसे मतदानाचे नियम लिहीत होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हरकत नव्हती.

१ ऑगस्टला बकरी ईद होती. शहरात गोवधावरून हिंदू-मुसलमान एकमेकांच्या अंगावर जातील, अशी टेकडीवरच्या छावणीत आशा होती. बादशाहाने गोवधाला सक्त मनाई केली, बख्त खानाने दवंडी पिटवली, मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या गायींची नोंद करण्याचे हुकूम कोतवालीतून सुटले. दंगल झाली नाही. उलट त्या रात्री शहरातली फौज एकत्र बाहेर पडली आणि तिने टेकडीवर मोठा हल्ला चढवला. तो फसला, माणसे मेली. त्यांतल्या कुणाचेही नाव त्या टेकडीवर नाही.

हे सगळे एकरंगी नव्हते, हेही आपणच सांगायला हवे. मे महिन्यात दिल्लीत युरोपियन आणि हिंदी ख्रिस्ती नागरिक मारले गेले. १६ मे रोजी लाल किल्ल्यात सुमारे ५० कैद्यांची कत्तल झाली आणि त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. शिपायांनी शहरातली दुकाने लुटल्याच्या तक्रारी बादशाहाकडे रोज येत होत्या. आणि टेकडीवर जी फौज होती तिच्यातही निम्म्याहून अधिक हिंदी माणसेच होती: शीख, गुरखे, पठाण, पंजाबी मुसलमान. दोन्ही बाजूंना अजान होत होती. ज्याला १८५७ मध्ये फक्त ‘आपले’ आणि ‘परके’ शोधायचे आहेत, त्याला ही दिल्ली अडचणीची वाटेल.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. तिथे अगदी सुरुवातीला शिकावे लागते की रकान्यात शून्य असणे आणि रकाना रिकामा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मोजले, पण काही आढळले नाही. रिकामा म्हणजे मोजलेच नाही. अजितगढच्या भिंतीवर कोष्टके कोरलेली आहेत. कोणत्या तुकडीचे किती ठार, किती जखमी, किती बेपत्ता. युरोपियन वेगळे, हिंदी वेगळे. वेढ्यातल्या इंग्रज बाजूच्या हानीचा अधिकृत आकडा ३,८०० च्या वर जातो, आणि तो ठार, जखमी, बेपत्ता असा फोडून दिलेला आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना नावे आहेत, हिंदी शिपायांना आकडे आहेत. शहर राखणाऱ्यांना आकडाही नाही. तो रकाना रिकामा आहे. आणि रिकाम्या रकान्यात पुढे कुणीही काहीही भरतो. इंडिया गेटचे ६१,३९५ तिथूनच येतात.

नाव कोरलेले असणे किती मोठी गोष्ट आहे, हे महाराष्ट्राला सांगायला नको. भीमा कोरेगावचा जयस्तंभ हेही कंपनी सरकारचेच स्मारक, १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे. त्यावर कामी आलेल्या हिंदी शिपायांची नावे कोरली गेली आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ही महार शिपायांच्या नावांची खूण. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारलेला खांब एका समाजाने स्वतःच्या स्वाभिमानासाठी वाचला. हे शक्य झाले, कारण वाचायला दगडावर नावे होती. त्या जागी नुसता ‘नेटिव्ह, ठार, २२’ असा आकडा असता, तर कोण कुणाला शोधत तिथे गेले असते?

दिल्लीच्या राखणदारांची नावे का उरली नाहीत, याचे उत्तर सप्टेंबर १८५७ नंतरच्या दिल्लीत आहे. २१ सप्टेंबरला हुमायूनच्या मकबऱ्यात बादशाह हॉडसनच्या हाती लागला, दुसऱ्या दिवशी तीन शहजाद्यांना हॉडसनने गोळ्या घातल्या. ‘देहली उर्दू अखबार’चे मौलवी मुहम्मद बाकर यांना मारण्यात आले. झज्जरचे नवाब अब्दुर्रहमान खान आणि बल्लभगडचे जाट राजे नाहर सिंग या दोघांनाही काही दिवसांच्या अंतराने चांदनी चौकात फाशी झाली. शहर रिकामे केले गेले. हिंदूंना १८५८ मध्ये परत येऊ दिले, मुसलमानांना त्यानंतर बराच काळ बाहेर थांबावे लागले. जामा मशीद १८६२ पर्यंत लष्कराच्या ताब्यात राहिली. फतेहपुरी मशिदीची जागा लिलावात लाला चुन्नामल यांनी घेतली आणि ती मुसलमानांना परत मिळाली १८७७ मध्ये. किल्ल्याभोवतीची वस्ती पाडून मैदान केले गेले. बादशाह ७ नोव्हेंबर १८६२ रोजी रंगूनमध्ये वारला. त्याच्या कबरीची जागासुद्धा पक्की सापडली ती १९९१ मध्ये. जिथे बादशाहाची कबर हरवते, तिथे भिश्त्याची कोण जपणार?

नावे विसरली की काय होते, याचे आपल्या घरचे उदाहरण मुंबईत आहे. दिल्ली पडल्यावर महिन्याभराच्या आतच, १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट याने शिपायांच्या गुप्त बैठकींचा माग काढला होता आणि दिवाळीच्या सुमारास उठावाचा बेत असल्याचा आरोप होता. त्या दोघांची नावे सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया. त्यांच्या स्मृतीसाठी आझाद मैदानाजवळ ‘अमर जवान’ स्मारक उभारले गेले.

११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानात आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसेच्या निषेधासाठी मुसलमानांची सभा झाली. तिचे पर्यवसान दंगलीत झाले. दोन माणसे मेली, पोलीस आणि पत्रकारांवर हल्ले झाले, महिला पोलिसांचा विनयभंग झाला. त्या दिवशीचे एक छायाचित्र देशभर छापले गेले. त्यात टोपी घातलेला एक तरुण ‘अमर जवान’वर लाथ घालतो आहे. त्या छायाचित्राने मुंबईतल्या प्रत्येक मुसलमानाला पुढची कित्येक वर्षे मान खाली घालायला लावली. ते स्मारक कुणाचेही असते तरी ते कृत्य गुन्हाच होते. पण ते नेमके सय्यद हुसेनचे होते. लाथ घालणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. त्याच्यावर संतापलेल्या बहुतेकांनाही ते ठाऊक नव्हते. त्यानंतर आपल्या समाजातल्या किती मदरशांत, किती उर्दू शाळांत मुलांना त्या दोघांची नावे शिकवली गेली? निषेधाची पत्रके निघाली, ती निघायलाच हवी होती. धडा मात्र आजही कुठे लागलेला दिसत नाही.

दिल्लीची सगळीच नावे कायमची गेलेली नाहीत. वेढ्याच्या काळातले शहराचे दप्तर इंग्रजांच्या हाती लागले. खटल्यांत पुरावा म्हणून ते जपले गेले आणि आज ते राष्ट्रीय अभिलेखागारात ‘म्युटिनी पेपर्स’ म्हणून आहे. उर्दू आणि फारसीतले हजारो कागद. त्यांची छापील यादी १९२१ मध्येच प्रसिद्ध झाली. विल्यम डॅलरिंपल यांनी ‘द लास्ट मुघल’साठी हे कागद वापरले. महमूद फारुकी यांनी २०१० मध्ये ‘बिसीज्ड’ या पुस्तकात त्यांतल्या अनेकांचे इंग्रजी भाषांतर दिले. या कागदांत राजे-नवाब कमी आणि सामान्य माणसे जास्त आहेत. मोर्च्यावर पाणी पोहोचवणारे भिश्ती, मजुरी न मिळालेले हमाल, खाटा आणि चणे पुरवायला सांगितलेले ठाणेदार, शिपायांनी माल नेला म्हणून अर्ज करणारे दुकानदार. शहर कसे राखले जाते, ते या अर्जांतून कळते. तटावर तोफ डागणारा एक असतो आणि त्याच्यामागे दारू, पाणी, भाकरी वाहणारे वीस असतात.

काही नावे मात्र खरेच मिळणार नाहीत. हॉडसनने जुलै १८५७ मध्ये अंबाल्याच्या अधिकाऱ्याला लिहिले होते की हिरव्या कपड्यांतली एक वयस्क मुसलमान बाई दिल्लीच्या लोकांना लढायला चेतवते, स्वतः हत्यार घेऊन पुढे होते, ती पकडली गेली आहे आणि तिला कैदेत ठेवावे. पत्र उरले, बाईचे नाव उरले नाही. तिच्यासाठीही यादीत एक ओळ हवी, आणि नावाच्या जागी प्रामाणिकपणे ‘अज्ञात’ लिहायला हवे.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. दिल्लीच्या राखणदारांची एक खुली नोंदवही तयार करावी. प्रकाशित यादी आणि भाषांतरांपासून सुरुवात करून पुढे मूळ कागदांपर्यंत जावे. रकाने इतकेच: नाव, काम, मोहल्ला किंवा पलटण, काय घडले, कोणत्या कागदावरून. कागद नसेल तर नोंद नाही. मे महिन्यात मारल्या गेलेल्या नागरिकांसाठी तिथेच वेगळा विभाग, कारण तेही त्या शहराचे रहिवासी होते. आणि धर्माचा रकाना ठेवू नये.

या शेवटच्या मुद्द्यावर आपल्यातच वाद होईल, याची मला कल्पना आहे. कुणी म्हणेल, नावे आपली म्हणूनच पुसली जातात, मग धर्म का लपवायचा? हा आक्षेप हवेतला नाही. भारतीय इतिहास संशोधन परिषदेच्या हुतात्मा कोशाच्या पाचव्या खंडातून मलबार उठावातली ३८७ नावे वगळावीत, अशी शिफारस एका समितीने केल्याचे २०२१ मध्ये पुढे आले. त्यांत वारियमकुन्नथ हाजी आणि अली मुसलियार यांची नावे होती. मलबारमध्ये निरपराध हिंदूंवर अत्याचार झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक नावाचा निवाडा त्या माणसाने काय केले याच्या कागदावर व्हायला हवा. पूर्ण गठ्ठा एकदम काढायचा, म्हणजे माणूस न पाहता जमात पाहायची. हेच तंत्र उलट बाजूने आपण वापरतो, तेव्हा ‘एकूण इतके, पैकी आपले इतके’ हा संदेश तयार होतो. नोंदवहीत धर्म लपवायचा नाही. नाव आहे तिथे तो कळतोच. पण बेरीज करायला रकाना दिला की माणसे वाचणे थांबते आणि बेरीज सुरू होते.

आणि बेरजेने देशप्रेम सिद्ध होतही नाही. नागरिकत्व ही १८५७ मध्ये पणजोबाने भरलेल्या हप्त्यांची पावती नाही. ज्याच्या घराण्यात कुणीही लढले नाही, त्याचाही या देशावर तितकाच हक्क आहे. संविधानाने तो दिला आहे. ही नोंदवही पुरावा म्हणून करायची नाही. शहर राखताना मेलेल्या माणसाला निदान त्याच्या नावाने ओळखावे, एवढ्यासाठी करायची.

ती झाली की तिच्या आधारे सरकारकडे रीतसर मागणी करावी: अजितगढवर १९७२ च्या पाटीशेजारी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत, कागदपत्रांनी सिद्ध झालेली नावे लावा. जुन्या दगडाला हात लावू नका. आणि मुंबईत, आझाद मैदानाजवळच्या स्मारकापाशी, ते दोघे कोण होते हे सांगणारा मजकूर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत असू द्या.

नोंदवहीचा तांत्रिक भाग आमच्या पिढीला अवघड नाही. अवघड आहे ते शिकस्ता लिपीतली उर्दू-फारसी वाचणे. ती वाचू शकणारी माणसे आपल्या समाजात अजून आहेत, बहुतेक सत्तरीपुढची. त्यांच्याजवळ बसून एकेक कागद उतरवून घ्यायला वेळ देणारे तरुण हवे आहेत. येत्या ऑगस्टमध्ये तो जुना संदेश गटावर आला, तर पाठवणाऱ्याशी वाद घालत बसू नये. त्याला १५ ऑक्टोबर १८५७ ची दोन नावे पाठवावीत आणि विचारावे की या कामात तो किती तास देऊ शकतो.